नववा रकाना

कायद्याच्या पुस्तकात एक गृहस्थ शंभराहून अधिक वर्षे राहत होते. त्यांना नाव नव्हते, गाव नव्हते, घरदार नव्हते. ते फार हुशार नव्हते आणि मठ्ठही नव्हते. आपल्या धंद्यासंबंधी जे जे म्हणून प्रसिद्ध झाले, ते सर्व त्यांनी वाचलेले असे. मात्र स्वतःच्या डोक्याने मोठी उडी मारणे त्यांना जमत नसे. कोणी पेटंट मागायला आला की न्यायाधीश मनातल्या मनात त्यांना विचारीत, "काय हो, हे तुम्हाला सुचले असते का?" ते "सहज" म्हणाले की पेटंट नाकारायचे, "छे, नसते सुचले" म्हणाले की द्यायचे. कायद्याने त्यांना 'सामान्य जाणकार' असे संबोधले होते.

अडचण इतकीच होती की हे गृहस्थ मुळात नव्हतेच. त्यांच्या वतीने उत्तर न्यायाधीशच देत, आणि न्यायाधीशांना शोध आधीच वाचून दाखवलेला असे. कोड्याचे उत्तर एकदा कळले की कोडे सोपेच वाटते. त्यातून वाद साध्या खाण्याच्या पदार्थाचा असला तर विचारायलाच नको. दही लावण्याची किंवा पापड लाटण्याची नवी रीत समोर आली की "यात काय मोठे, आमच्या घरी असेच करतात" असे प्रत्येकाला वाटे, आणि करतात याचा पुरावा मागितला की कोणाकडेच नसे.

मग २०३९ साली यंत्र आले आणि त्या गृहस्थांना खरोखरीचा जन्म मिळाला. रचना समजायला अवघड नव्हती. पेटंटचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला, त्या दिवसापर्यंत जगात त्या विषयाचे जेवढे उघड ज्ञान होते तेवढेच यंत्राला वाचायला द्यायचे. पुढचे एक अक्षरही नाही. नंतर त्याच्यापुढे अडचण मांडायची, उत्तर मात्र लपवायचे. यंत्र एक हजार वेळा, दर वेळी किंचित वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करून, त्या अडचणीवर विचार करी. पाचशेहून अधिक वेळा ते वादातल्या पद्धतीपाशी पोहोचले, तर पद्धत सहज सुचण्याजोगी, अन्यथा शोध खरा. माणसाला कळलेले उत्तर विसरता येत नाही. यंत्राला ते न सांगणे शक्य होते. नाशिकच्या अन्नपद्धती लवादापुढे हा जाणकार चार वर्षे बसत होता आणि त्याच्या निःपक्षपातीपणाविषयी कोणाची तक्रार नव्हती.

लीलाधर तुकाराम भारंबे यांची तर मुळीच नव्हती. शासकीय तंत्रनिकेतनात रासायनिक तंत्रज्ञानाची पदविका घेतलेला हा चौसष्ट वर्षांचा मनुष्य मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवीत नसे. चहाचे पाणीही ते मापाने घेत. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्या नावावर एक पेटंट झाले होते, आणि दिवाणखान्यात त्याच्या प्रमाणपत्राची चौकट लावलेली होती. २०४३ च्या जानेवारीत एका सकाळी त्यांच्या वहिनी, प्रमिलाबाई, न कळवता दारात उभ्या राहिल्या, तेव्हा लीलाधररावांनी पहिले काम केले ते त्या चौकटीसमोरची खुर्ची सोडून त्यांना दुसऱ्या खुर्चीवर बसवण्याचे. का, हे त्यांना त्या क्षणी सांगता आले नसते.

प्रमिलाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. यावलजवळच्या गावाहून पहाटेच्या गाडीने एकट्या आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले.

"हे वाच, लीलाधर. पोस्टमननं आधी सही घेतली, अन् मग सांगे, काकू, नोटीस हाये. आधी बोल्ला असता तं मी सहीच नसती केली."

लीलाधररावांनी चष्मा लावला. नोटीस 'अन्नवेध प्रक्रिया उद्योग' या कंपनीने तापीकाठ महिला गटाला धाडली होती. गटात एकतीस बायका होत्या, अध्यक्ष प्रमिलाबाई. फाल्गुन-चैत्रात त्या बिबड्या करीत. ज्वारी तीन दिवस भिजवून, आंबवून, भरडून तिचा घाटा शिजवायचा, त्यात लसूण, जिरे, तीळ घालायचे आणि गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापून कडक उन्हात वाळवायचा. गटाच्या बिबड्या पुण्यापर्यंत जात होत्या. नोटिशीत म्हटले होते की घाटा शिजवण्याची त्यांची पद्धत कंपनीच्या पेटंटखाली येते. सबब या हंगामापासून उत्पादन थांबवावे.

"काय लिहेल हाये?"

"लिहिलंय की... तुम्ही ज्या तऱ्हेनं घाटा उतरवता, ती तऱ्हा कंपनीच्या मालकीची आहे."

"तऱ्हा मालकीची?" प्रमिलाबाई हसल्या. "मग उद्या म्हनतीन, कढी फुटली का कपाळावर हात मारायची तऱ्हाबी आमचीच हाये."

लीलाधररावांना हसता आले नाही. त्यांनी पान उलटले. चौथ्या पानावर इंग्रजीत छापले होते: संशोधक, एल. टी. भारंबे. प्रमिलाबाईंना इंग्रजी येत नव्हते, तरीही लीलाधररावांचा अंगठा आपोआप त्या ओळीवर गेला आणि पान मिटेपर्यंत तिथून हलला नाही.

"वकील केली हाये आम्ही. आपल्या तडवी मास्तरची नात, नजमा. पोरगी चांगली हाये, पन ती म्हनते, कोनी तंत्र जाननारा मानूस पाह्यजे आपल्याकडून बोलाले. मी म्हटलं, घरातच हाये." त्यांनी पदराने चेहरा पुसला. "बोलशील ना?"

"बघतो, वहिनी."

"बघतो म्हंजे?"

"बघतो."

प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले आणि पाणी मागितले. दुपारच्या गाडीने त्या परत गेल्या.

त्या पेटंटचे शास्त्र असे होते. पिठाचे पाणी आचेवर ठेवले की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगू लागतात आणि मिश्रण दाट होत जाते. एका मर्यादेपर्यंत कण फुगतात. ती ओलांडली की फुटतात, आणि दाटपणा पुन्हा उतरतो. बिबडी चांगली व्हायची तर घाटा नेमका फुगण्याच्या शिखरावर असताना उतरवला पाहिजे. आधी उतरवला तर वाळताना तडे जातात, उशीर झाला तर तळताना फुलत नाही. पण हे शिखर घड्याळावर सापडत नाही. ज्वारी कोणती, ती किती आंबली, हवा कशी आहे, यावर ते दर खेपेस बदलते. कंपन्यांचा माल यामुळेच फसत असे. अन्नवेधच्या नोकरीत असताना लीलाधररावांनी भांड्याजवळ ध्वनिग्राहक ठेवला. मिश्रण पातळ असताना वाफेचे बुडबुडे लहान असतात आणि भराभर फुटतात. दाट होत गेले की ते मोठे होतात, सावकाश वर येतात आणि एकेक करून, जड आवाजाने फुटतात. दोन आवाजांमधले अंतर सर्वांत अधिक झाले की शिखर आले. तेवढे मोजायचे आणि आच बंद करायची.

अर्जाचा मसुदा करताना कंपनीचे वकील खांडेपारकर म्हणाले होते, "भारंबेसाहेब, उद्या एखादा लबाड यंत्र काढून तिथं माणूस बसवील आणि म्हणेल, आम्ही यंत्र वापरतच नाही. आपण 'यंत्राने अथवा कानाने' असं घालू." लीलाधररावांना ती दक्षता आवडली होती. त्यांनी सही केली. कान लावून बसलेली माणसे आधीपासूनच तिथे असतील, हा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. निदान आपल्या मनात आला नव्हता, असे ते स्वतःला सांगत आले होते.

वहिनींना नकार कळवण्याचे त्यांनी टाळले. होकारही कळवला नाही. नजमा तडवींचे तीन फोन त्यांनी घेतले नाहीत. कंपनीचे साक्षीदार म्हणून हजर राहण्याचे पत्र आले, तेव्हा करार तसा होता म्हणून ते सुनावणीला गेले. लवादाच्या अध्यक्ष श्रीमती कोरगावकर येण्यापूर्वी ते कंपनीच्या टेबलाशी, खांडेपारकरांच्या मागे, खांबाच्या आडोशाला बसले.

सुनावणीला सुरुवात होताच जाणकाराची चाचणी झाली. भिंतीवरच्या पडद्यावर हजार चौकोन होते. अडचण वाचून दाखवण्यात आली: आंबवलेल्या ज्वारीचा घाटा उतरवण्याचा योग्य क्षण कसा ओळखावा? चौकोन एकेक करून उजळू लागले. जाणकाराने तापमान सुचवले, पाण्याचे प्रमाण सुचवले, आम्लता मोजायला सांगितली, ढवळण्याच्या चाटूला दाटपणा मोजणारा काटा बसवला. आवाजाकडे तो हजारांपैकी अकरा वेळा वळला.

"अकरा," खांडेपारकर शांतपणे म्हणाले. "माझं काम झालं, अध्यक्ष महोदया."

मग नजमा तडवींनी प्रमिलाबाईंना बोलावले. प्रमिलाबाईंनी शपथ घेतली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि समोर पाहिले. खांबाच्या आडोशाचा उपयोग फक्त दारातून येणाऱ्यापुरता होता. साक्षीदाराच्या जागेवरून कंपनीचे टेबल समोरासमोर दिसे. प्रमिलाबाईंची नजर लीलाधररावांवर थांबली. त्यांनी पाहिले, समजून घेतले आणि नजर वळवली. या तिन्ही गोष्टींना दोन श्वासांहून अधिक वेळ लागला नाही.

"घाटा किती मिनिटं शिजवता?" खांडेपारकरांनी विचारले.

"मिनिटं नही सांगता येत."

"किती तापतो?"

"हात घालून पाहाल तं कळीन."

दालनात हशा पिकला. खांडेपारकरही हसले. "मग कळतं कसं तुम्हाला?"

"आवाजावरून."

"हे तुम्हाला केव्हापासून माहीत?"

"सासूबाईंनी शिकवलं. त्यायले त्यायच्या सासूनं."

"बाई, आमचं पेटंट पाच वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालं. ते वाचून आज कोणीही म्हणेल की मला हे आधीपासून ठाऊक होतं. त्याआधीचा एखादा कागद आहे तुमच्याकडे? लिहून ठेवलेलं काही?"

"लिहाले काहाले पाह्यजे? रोज ऐकू येते ते कोन लिहून ठेवते?"

अध्यक्षांनी सौम्यपणे सांगितले की साक्षीदार प्रामाणिक असतीलही, तथापि प्रतिपक्षाच्या तोंडी कथनाला अर्जाच्या तारखेपूर्वीचा आधार हवा. पुढची तारीख आठ दिवसांनी. आधार मिळाला नाही तर निकाल अकरावर होईल.

बाहेरच्या ओसरीत लीलाधरराव वहिनींना गाठायला गेले. नजमा तडवींनी त्यांना पाहून तोंड फिरवले. प्रमिलाबाई बाकावर बसून पाणी पीत होत्या.

"वहिनी, करार होता..."

"तिकडचा पंखा बरा चालत होता का रे?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडं काही वारं लागत नव्हतं."

मग पाण्याचे भांडे बाकावर ठेवून त्या नजमा तडवींबरोबर निघून गेल्या.

घरी येताना त्यांना खांडेपारकरांचा प्रश्न आठवत राहिला. त्याआधीचा एखादा कागद? कागद होता. तो त्यांनीच लिहिला होता.

पेटंटच्या अर्जाआधी चार वर्षे, २०३१ मध्ये, 'अन्नस्मृती कोश' नावाचा एक प्रकल्प झाला होता. घरोघरच्या पदार्थांच्या रीती नोंदवून सर्वांसाठी खुल्या ठेवायच्या, जेणेकरून पुढे कोणी त्यांच्यावर मालकी सांगू नये, हा त्याचा हेतू. खानदेशाच्या नोंदी लीलाधररावांकडे होत्या. नोंदींचा तक्ता त्यांनीच आखला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. रकाने नऊ. पहिल्या आठांत घटक, प्रमाण, भांडे, तापमान, वेळ अशा मोजण्याजोग्या बाबी. जे मोजता येत नाही त्यासाठी नववा रकाना: 'श्रद्धा व समजुती'. प्रत्येक नोंदीला ध्वनिमुद्रण जोडलेले असे; तक्ता नीट भरला असेल तर नोंदणाऱ्याने शेवटी 'नोंद पूर्ण, ध्वनिमुद्रण ऐकण्याची आवश्यकता नाही' या चौकटीत खूण करायची. लीलाधररावांचा एकही तक्ता अपुरा नव्हता. पुढे जाणकाराला कोश वाचायला दिला, तेव्हा नियमाप्रमाणे पहिले आठ रकाने दिले गेले. नववा तंत्रबाह्य म्हणून वगळला, आणि खूण केलेली ध्वनिमुद्रणे उघडलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान आटोपून त्यांनी कोश उघडला. नोंद क्रमांक चारशे सतरा. पदार्थ: बिबडी. वेळ: अंदाजे चाळीस मिनिटे. 'अंदाजे' या शब्दावर ते थोडे थबकले. सबंध तक्त्यात तेवढाच एक शब्द त्यांच्या स्वभावाला न शोभणारा होता. नवव्या रकान्यात लिहिले होते: 'घाटा होत आला की बायका बोलणे बंद करतात. नजर लागू नये, अशी समजूत.'

त्यांनी ध्वनिमुद्रण लावले. बारा वर्षांत ते एकदाही कोणी ऐकले नव्हते. किती वेळा ऐकले गेले याचा आकडा कोपऱ्यात दिसत होता: शून्य.

आधी बायकांचा कलकलाट आला. कोणाच्या तरी जावयाची टिंगल चालली होती. मग कोणीतरी "शूः" केले आणि एकाएकी सगळे शांत झाले. भांड्यातला आवाज तेवढा उरला: भद्... भद्... आणि त्यात त्यांचा स्वतःचा, बारा वर्षांनी तरुण असलेला स्वर: "वहिनी, सगळ्या एकदम गप्प का झाल्या?"

"आयकू दे ना, भाऊ. आधी बडबडते तो, मग एकेक शब्द बोलते. एकेक बोलाले लागला का उतरवायचा."

लिहिताना पुटपुटण्याची लीलाधररावांना तंत्रनिकेतनातल्या प्रयोगवह्यांपासूनची सवय होती. ती इथेही सुटली नव्हती. पुढच्याच क्षणी त्यांचा स्वर संथपणे, शब्दाशब्दाला थांबत म्हणत होता: "नजर... लागू... नये..." आणि मग मोठ्याने, "नजर लागू नये म्हणून ना, वहिनी?"

"लिही काय लिहायचं ते. सरक तिकडं, वाफ येईल."

त्यांनी ते तीनदा ऐकले. चौथ्यांदा ऐकण्याची गरज नव्हती. त्या दिवशी आपण काय केले, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. उत्तर मिळाले होते. पण मोजता येणारी गोष्ट बाई 'शब्द' आणि 'बडबड' अशा भाषेत सांगू शकते, हे त्यांच्या रकान्यांत बसले नाही. म्हणून त्यांनी तिच्या तोंडी एक अंधश्रद्धा घातली. ती नीटनेटकी होती. आणि तीन वर्षांनी कंपनीच्या प्रयोगशाळेत, घाटा पुनःपुन्हा फसत असताना, भांड्याजवळ ध्वनिग्राहक ठेवून पाहावा, असे त्यांना 'सुचले' होते. सत्काराच्या भाषणात त्यांनी सांगितले होते की कल्पना कारखान्यातल्या बॉयलरच्या खडखडाटावरून आली. टाळ्या पडल्या होत्या. वहिनी त्या समारंभाला पहिल्या रांगेत बसल्या होत्या. भाषण इंग्रजीत होते.

हे ध्वनिमुद्रण ते न बोलता मिटून ठेवू शकत होते. क्रमांक दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हता. नजमा तडवींनी बाराशे नोंदींतून बिबडीची नोंद शोधून काढली, तरी 'पूर्ण' अशी खूण असलेले ध्वनिमुद्रण त्या कशाला ऐकतील?  कोणी काही विचारणार नव्हते. चौथ्या दिवशी लीलाधररावांनी नजमा तडवींना फोन केला. त्यांनी तो उचलला नाही. लीलाधररावांना ते योग्यच वाटले. त्यांनी क्रमांक लिहून पाठवला आणि खाली लिहिले, 'शेवटपर्यंत ऐकावे.'

दुसऱ्या सुनावणीला ते खांबाच्या आडोशाला बसले नाहीत. नजमा तडवींनी ध्वनिमुद्रण दाखल करण्याची परवानगी मागितली. खांडेपारकर उठले. "हरकत आहे. यात ध्वनिग्राहक नाही, मोजमाप नाही. पद्धत सांगितलेलीच नाही."

"पद्धत सांगितली असती तर प्रश्नच मिटला असता," श्रीमती कोरगावकर म्हणाल्या. "ही सूचना वाचून जाणकार तिथपर्यंत पोहोचला असता का, एवढंच पाहायचं आहे. कोश खुला होता. कोणी ऐकलं नाही, हा कोशाचा दोष नव्हे. लावा."

दालनात घाट्याचा आवाज भरला. जावयाची टिंगल ऐकून मागे कोणी हसले. मग ती शांतता आली, वहिनींचे वाक्य आले, आणि त्यापाठोपाठ, भर दालनात, सर्वांच्या देखत, 'नजर... लागू... नये' हे तीन शब्द एका मोजूनमापून लिहिणाऱ्या माणसाच्या स्वरात उमटले. लीलाधररावांना आयुष्यात इतका मोठा आवाज कधी वाटला नव्हता. त्यांनी हातांकडे पाहिले. 

"हा पुरुषाचा आवाज कोणाचा?" अध्यक्षांनी विचारले.

ते उभे राहिले. "माझा."

"भारंबे, खाली बसा," खांडेपारकर दबक्या स्वरात म्हणाले. "तुम्ही आमचे साक्षीदार आहात की त्यांचे?"

"नवव्या रकान्यातला 'नजर' हा शब्द या बाईंनी सांगितलेला दिसत नाही," अध्यक्ष म्हणाल्या.

"त्यांनी सांगितला नव्हता. मी लिहिला."

"आणि पेटंटचा अर्ज करताना हे संभाषण आपल्या स्मरणात होतं का?"

हा प्रश्न साधा होता. 'नाही' हे उत्तर कोणी खोटे ठरवू शकले नसते, आणि अर्जाच्या वेळी चार वर्षे जुने झालेले संभाषण विसरणे हा गुन्हाही नव्हता. खांडेपारकर वर पाहून मान किंचित नकारार्थी हलवीत होते. पलीकडच्या टेबलाशी प्रमिलाबाई बसल्या होत्या, पण त्या यांच्याकडे पाहत नव्हत्या. पडद्यावरच्या हजार रिकाम्या चौकोनांकडे पाहत होत्या. त्यांनी पाहिले असते तर उत्तर देणे सोपे गेले असते.

"वाक्य स्मरणात होतं," लीलाधरराव म्हणाले. "ते कोणाचं, हे मी विसरायचं ठरवलं होतं."

लेखनिकाने ते उतरवून घेतले. 

मग जाणकाराला नोंद चारशे सतरा पूर्णपणे, नवव्या रकान्यासह आणि ध्वनिमुद्रणासह देण्यात आली. अडचण तीच. चौकोन उजळू लागले, आणि या वेळी ते एकेक करून नव्हे तर ओळीच्या ओळी उजळले. 'बडबड' आणि 'एकेक शब्द' यांतून जाणकार बुडबुड्यांच्या अंतरापर्यंत गेला, तिथून दाटपणाकडे, तिथून शिखराकडे. एकामागून एक तो तेच उत्तर देत राहिला. पडदा थांबला तेव्हा आकडा आठशे चौऱ्याहत्तर होता.

निकाल अर्ध्या तासात वाचून झाला. पेटंट रद्द. गटाला दिलेली नोटीस निरर्थक. कोशाने नोंद दुरुस्त करावी. लीलाधररावांविरुद्ध कंपनीने स्वतंत्र कारवाई करावी की नाही, हे कंपनीने पाहावे. खांडेपारकर कागद आवरून निघाले. जाताना त्यांनी लीलाधररावांकडे पाहिले नाही, आणि दोन माणसांनी एका दिवसात असे केल्यावर त्याचे दुःख कमी होते, असा अनुभव मात्र लीलाधररावांना आला नाही.

ओसरीत नजमा तडवींनी प्रमिलाबाईंना मिठी मारली. "जिंकलो, काकू! या फाल्गुनात घाला बिबड्या." मग त्या शिक्क्याच्या प्रती आणायला आत गेल्या. ओसरीत दोघेच उरले. प्रमिलाबाईंनी निकालाचा मराठी कागद हातात धरला होता, पण चष्मा पिशवीत तळाशी गेला होता.

"वाच," त्या म्हणाल्या. "सगळं नको. काय ठरलं तेवढं वाच."

लीलाधररावांनी कागद घेतला. या वेळी त्यांनी अंगठा कुठेही ठेवला नाही. "सदर पद्धत ही त्या क्षेत्रातील सामान्य जाणकारास सहज सुचण्याजोगी असल्याने..."  हे वाक्य त्यांनी कायद्याच्या पुस्तकांत कितीतरी वेळा वाचले होते. ते वहिनींना वाचून दाखवावे लागेल, असे कधी वाटले नव्हते.

"म्हंजे?"

"म्हणजे असं ठरलं, वहिनी, की यात विशेष काही नाही. हे कोणालाही सुचलं असतं. म्हणून यावर कोणाची मालकी नाही."

"कोनालेही?"

"कायद्याची भाषा आहे ती. तुम्ही जिंकलात, त्याचंच ते..."

"जिंकलो ते समजलं मले." प्रमिलाबाईंनी कागद परत घेतला, त्याच्या चार घड्या केल्या आणि पिशवीत ठेवला. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. एखादी गोष्ट समजून घ्यायची असावी, तशा त्या विचारात पडल्या होत्या. "मी लग्न होऊन आली तवा तू नऊ वर्षांचा होता. तवापासून दर उन्हाळ्यात चुलीजवळ बसायचा. घाटा खायाले पहिली वाटी तुझी असायची. मोठा झाला, शिकला, वही घेऊन बसला, तरी तिथंच. मी तोंडानं सांगितलं तुले."

"हो, वहिनी."

"हे कोनालेही सुचते म्हनता तुम्ही." त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी लीलाधररावांकडे सरळ पाहिले. "मग तुले काहाले नही सुचलं रे?"

शिक्क्याच्या प्रती घेऊन नजमा तडवी बाहेर आल्या, गाडीची वेळ झाल्याचे त्यांनी सांगितले, आणि प्रमिलाबाई पिशवी उचलून त्यांच्यामागे पायऱ्या उतरू लागल्या. उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत.